खुबा बदलला, पण पाय जुळेनात!

मैत्रिणींनो, निऱ्या घालायला आपल्याला आरसा लागत नाही. तीस-पस्तीस वर्षं रोज नेसल्यावर हाताला सवयच होते. पण २०२३ च्या जानेवारीत, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला, मी दोन महिन्यांनी गाऊन सोडून साडी नेसले आणि आरशासमोर उभी राहिले, तर काय! डावीकडे साडी फरशीवर लोळत होती आणि उजवीकडे घोट्याच्या वर चढली होती. सोडून पुन्हा नेसले. पुन्हा तेच. सूनबाई मागून म्हणाली, "आई, परकर तिरका शिवलाय का?"

परकर जुनाच होता हो, तिरकी मी झाले होते.

नोव्हेंबरच्या शेवटी माझा डावा खुबा बदलला होता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे ऑपरेशन झालं असेल, तर खुब्याचं दुखणं काय असतं ते तुम्हांला सांगायला नको. माझं कारण करोना. २०२१ च्या लाटेत स्टिरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागली, त्यांनी जीव वाचला. आणि वर्षभरात जांघेत कळा सुरू झाल्या. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडला होता आणि तो गोळा आतून ढासळत होता. असं होणारी मी एकटी नव्हते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला यांनी करोनातून उठलेल्या अशा तीन रुग्णांची हकीकत २०२१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. बदलापूरहून लोकलनं जाणं-येणं, फलाटाच्या पायऱ्या, भाजीची पिशवी, सगळं एका पायावर चाललं होतं. शेवटी यांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि ऑपरेशन झालं.

ऑपरेशन उत्तम झालं, हे आधी सांगते. जांघेतली ती जीवघेणी कळ दुसऱ्याच दिवशी गेली. खुब्याचा सांधा म्हणजे उखळ-मुसळच. कंबरेच्या हाडात वाटी आणि मांडीच्या हाडाला गोळा. झिजलेला गोळा काढून धातूच्या दांड्यावर नवा बसवायचा आणि वाटीला नवं अस्तर लावायचं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या सर्जननी १९६२ मध्ये धातूचा गोळा, चिवट प्लॅस्टिकची वाटी आणि हाडात बसवायचं सिमेंट यांचा मेळ घातला. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. धोलकिया यांचं नाव घेतात. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकानं तर २००७ मध्ये तिला शतकातली शस्त्रक्रिया म्हटलं.

आता शतकातली शस्त्रक्रिया झाल्यावर बाईनं तक्रार कोणत्या तोंडानं करावी?

मी केलीच नाही. उजवा पाय जमिनीला नीट पोचत नाही असं वाटायचं. उभी राहिले की डावा गुडघा आपोआप वाकायचा. चालताना एका पायाचा आवाज 'टप्' आणि दुसऱ्याचा 'टक्'. संध्याकाळ झाली की कंबर धरायची आणि डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाताला हाड लागतं तिथे, आग व्हायची. त्या कुशीवर निजताच येईना. पण घरात काय बोलणार? कर्जाचे हप्ते चालू होते. डोंबिवलीच्या वन्सं भेटायला आल्या त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारणीचं झालं, ती महिन्यात भाजी आणायला जायला लागली!" त्यांनी सहज म्हटलं. मी मात्र त्यानंतर अडीच महिने कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना एकदा भीतभीत विचारलं होतं. बाहेर तीस माणसं ताटकळत बसलेली. त्यांनी फोटो दिव्यावर धरला, "सांधा छान बसलाय, सवय होईल," म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला गेला.

मग मी आपली अक्कल चालवली. ती कशी चालवली ते मुद्दाम सांगते, कारण तुम्हीही नेमकं तेच कराल.

उजवा पाय आखूड वाटतो ना, मग त्याला उंची द्यायची. स्टेशनजवळ चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांच्याकडून उजव्या चपलेला चांगला इंचभर सोल चढवून घेतला. साठ रुपये. पहिले चार दिवस अगदी बरं वाटलं. वाटलं, डॉक्टरांना जे जमलं नाही ते काकांनी केलं! महिन्याभरात कंबर इतकी धरली, की सकाळी चहाचं आधण ठेवायला उठवेना. शेवटी सूनबाईनंच ओढून अंबरनाथच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी ती चपल हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि बाजूला ठेवली. मला निजवलं आणि शिवणाची असते तशी टेप काढली.

पहिलं माप त्यांनी कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत घेतलं, दोन्ही पायांचं. डावा जेमतेम सहा मिलिमीटर जास्त भरला. दुसरं माप बेंबीपासून त्याच घोट्यापर्यंत. आता डावा दोन सेंटिमीटर जास्त! मी म्हटलं, "टेप ताणली गेली असेल." त्या हसल्या. म्हणाल्या, "काकू, साडी नेसता तेव्हा कुठल्या बाजूला लोळते?" मी म्हटलं, डावीकडे. "म्हणजे लांब वाटतो त्याच बाजूला. पाय खरोखरच तेवढा लांब असता, तर त्या बाजूची कंबर वर उचलली गेली असती आणि साडीही वर गेली असती. तुमची कंबर त्या बाजूला खाली उतरली आहे."

पायांच्या लांबीत खरा फरक असतो आणि भासणारा फरक असतो, हे मला चार महिन्यांनी कळलं. खरा फरक हाडाचा आणि नव्या सांध्याचा. भासणारा फरक स्नायूंचा. दोन-दोन वर्षं आपण दुखऱ्या पायानं वाकडंतिकडं चालतो, स्नायू त्याच बेतानं आखडतात. ऑपरेशननं पाय मूळच्या लांबीवर येतो, आखडलेले स्नायू मात्र जुनाच बेत धरून बसतात आणि कंबर एका बाजूला ओढतात. शिवाय ढासळलेल्या गोळ्यामुळे पाय हळूहळू आखूड झालेला असतो आणि मेंदूला तीच लांबी खरी वाटायला लागलेली असते. पाय सरळ केला की तो लांब वाटणारच! हा भासणारा फरक बहुतेकींचा काही आठवड्यांत, फार तर सहा-आठ महिन्यांत, व्यायामानं कमी होतो. म्हणून तोवर घाईघाईनं चपलेला सोल चढवायचा नसतो. मी उजवी बाजू उचलून धरली आणि डावीकडे झुकलेली कंबर आणखी झुकवली. साठ रुपयांत कंबरदुखी विकत घेतली म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, सर्जन मोजून का कापत नाहीत? मोजतात. आधी फोटोवर आखणी करतात, ऑपरेशनच्या वेळीही मोजतात. पण त्यांच्यापुढे आणखी एक काळजी असते. सांध्याभोवतीचे स्नायू सैल राहिले, तर गोळा वाटीतून निसटतो. ते संकट पाय लांब होण्यापेक्षा मोठं. म्हणून कधी कधी पाय किंचित लांब ठेवूनच सांधा घट्ट करावा लागतो. सेंटिमीटरच्या आतला फरक बऱ्याच जणींना जाणवतही नाही. त्याच्यावर, दीड-दोन सेंटिमीटरकडे गेला, की कंबर, गुडघा, चाल सगळं बोलायला लागतं. हे मला त्याच सर्जननी नंतर दहा मिनिटं बसून समजावलं. आधी का नाही? आधी मी धड विचारलं नव्हतं, हे एक. आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं, फोटोकडे पाहिलं होतं, हेही तितकंच खरं. म्हणून मैत्रिणींनो, जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. फरक खरा आहे की भासणारा? किती मिलिमीटर? माझ्या ऑपरेशनला कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत आणि किती दिवस? सोल लावायचा तर कधी? कागद हातात असला की डॉक्टरही खुर्चीत टेकून बसतात, असा माझा अनुभव.

फिजिओथेरपिस्ट बाईंकडेच मला उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या एक सिंधी ताई भेटल्या. आमच्या वेळा एकच, त्यामुळे गट्टी जमली. त्यांचा खुबा लहानपणापासूनच सदोष, पन्नाशीत बदलला. त्यांची सलवार ऑपरेशनच्या बाजूला वर चढायची, म्हणजे माझ्या नेमकं उलट. आठ महिने व्यायाम करूनही फरक हटला नाही. उभं राहून फोटो काढला, पायाखाली पातळ फळ्या एकावर एक ठेवून पाहिल्या, तेव्हा खरा फरक दोन सेंटिमीटरच्या वर निघाला. त्यांना मात्र सोलच लागला. पण तो कसा, ते ऐका. सगळा फरक एकदम भरून काढायचा नाही. आधी टाचेखाली पाच मिलिमीटरची चकती, अंगवळणी पडली की आणखी थोडी. सेंटिमीटरपर्यंतची उंची बुटाच्या आत मावते, त्याहून जास्त लागली तर टाच वर येऊन पाय बाहेर निसटतो. मग चपलेच्या खालून, पुढपासून मागपर्यंत, सोल वाढवून घ्यायचा. त्यांना उल्हासनगरचाच कारागीर मिळाला. मूळच्या तळाला चीर देऊन मध्येच हलका फोम असा बसवला, की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. उल्हासनगरच्या हातांना काय येत नाही!

पण एक गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपण घरात अनवाणी वावरतो. बाहेर तासभर चप्पल आणि घरात ओट्यापाशी, देवापाशी, मोरीत चौदा तास उघडे पाय. मग त्या सोलचा उपयोग किती? सिंधी ताईंनी स्वयंपाकघरासाठी वेगळी सपाता जोडी करून घेतली, तिलाही सोल. न्हाणीघरासाठी खरखरीत तळाची तिसरी. देवापुढे मात्र चप्पल नको वाटतं, तर चटई चौपदरी घालून एक पाय तिच्यावर. घरचे आधी हसले. हसू द्यावं.

माझ्या व्यायामांचं म्हणाल, तर ते इथे सगळे देत नाही. कारण ऑपरेशन मागून केलंय की पुढून, यावर काय चालेल आणि काय नाही ते ठरतं. मागून केलेलं असेल तर सुरुवातीला खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. एक सांगते, ते कुणालाही चालण्यासारखं आहे. माझा काटा आणि शेजारणीचा काटा असे दोन वजनकाटे शेजारी मांडले, एकेक पाय एकेकावर, आणि ओट्याला हात टेकून सरळ उभी राहिले. पहिल्या दिवशी उजवीकडे एकोणचाळीस किलो आणि डावीकडे तेवीस! आपण सारखं वजन टाकतोय असं मी शपथेवर सांगितलं असतं. दोन्ही आकडे जवळ आणायचे, दोन्ही गुडघे सरळ, दोन्ही टाचा खाली, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. दूध तापेपर्यंत होतं. तीन महिन्यांनी आकडे जवळजवळ जुळले. आणि काठी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, दुखऱ्या बाजूच्या नव्हे. आपल्या सिनेमांत सगळे उलटी धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी त्याच्याबरोबर. लोकलमध्ये चढतानाही तसंच. गर्दीची गाडी सोडून द्यावी.

घरात फारसं काही करावं लागत नाही. पलंगाच्या आणि खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून उंची वाढवली. विळी पोटमाळ्यावर गेली, सुरी-पाट ओट्यावर आला. खालच्या फडताळातले डबे वर आणि वरचे नुसते मिरवायचे डबे खाली. कमोड लागतोच, बसवणं शक्य नसेल तर खुर्चीचा मिळतो. फरशीवरची सुटी पायपुसणी उचलून टाकली, पाय त्यातच अडकतो. राहिली मांडी घालून बसण्याची गोष्ट. पंगतीत मी खुर्चीवर बसते. सुरुवातीला लाज वाटायची.

आणि एक गोष्ट कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, ती नवरा-बायकोची. ही पानं आपलीच आहेत म्हणून लिहिते. जखम भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून सुरुवात करायला हरकत नसते. ज्या हालचाली बसता-उठताना वर्ज्य, त्या तिथेही वर्ज्य. डॉक्टरीणबाई असतील तर सरळ विचारा, त्यांना नवल वाटत नाही. यांना वाटायचं, मीच टाळते आहे. मला वाटायचं, यांना आता मी नकोशी. दोघांनी चार महिने गैरसमजात काढले. कारण एवढंच होतं, की त्या कुशीवर मला निजता येत नव्हतं. गुडघ्यांत उशी घेऊन दुसऱ्या कुशीवर निजायला लागले आणि बोलणंही सुरू झालं.

आता दुखण्याबद्दल. लांबीचं कोडं सुटलं म्हणजे दुखणं सुटतंच असं नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूची आग हाडावरच्या छोट्या पिशवीची सूज असते, शेक आणि व्यायामानं माझी बरीच कमी झाली, तरी चातुर्मासात उभ्यानं स्वयंपाक वाढला की आठवण करून देते. कंबरेतून पायात उतरणारी कळ मणक्याचीही असू शकते, दोष दर वेळी नव्या सांध्याचा नसतो. पण काही दुखणी घरी ठेवायची नाहीत. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, स्वस्थ निजल्यावरही रात्री ठणका. वर्ष-दोन वर्षं बरं गेल्यावर पहिली चार पावलं टाकतानाच मांडीत किंवा जांघेत नव्यानं कळ. आणि एकाएकी पाय आखूड होऊन पाऊल वळलं, वजनच टाकवेना, किंवा पोटरी सुजून धाप लागली, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, हे कामावरून येईपर्यंत थांबायचं नाही.

कागदांबद्दल थोडं परखड लिहिते. बसवलेल्या सांध्याच्या खोक्यावर नाव आणि नंबर असलेली स्टिकरं असतात. ती मागून घ्या आणि फायलीत डकवा. डेप्यू या कंपनीनं आपले 'एएसआर' नावाचे खुबे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. गोळाही धातूचा, वाटीही धातूची. घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरत होते, माणसं दुखण्यानं हैराण होती. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. सरकारनं २०१७ मध्ये समिती नेमली, पुढच्या वर्षी भरपाईचं सूत्र ठरलं. पण हजारो रुग्णांचा पत्ताच लागेना. त्यांच्या अंगात काय बसवलंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं! आपण मिक्सरचं गॅरंटी कार्ड पंधरा वर्षं जपतो. पैशांचीही चौकशी आधीच करावी. सरकारी आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं. आम्ही विचारलं ते पतपेढीतून आल्यावर.

गेल्या श्रावणात मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. सोमवार टाळला, मंगळवारी सकाळी गेले. शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं ते देऊळ, शिलाहारांच्या काळातलं, वालधुनीच्या काठी. लग्न होऊन आले तेव्हापासून दर श्रावणात जायची, मधली तीन वर्षं चुकली होती. तुम्ही गेला असाल तर आठवेल, तिथला गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे. विसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं, दगडी, उंच, ओलसर. चप्पल बाहेर, म्हणजे टाचेखाली आता जी चार मिलिमीटरची चकती असते तीही बाहेर. हे म्हणाले, "वरूनच हात जोड." मी काठी त्यांच्या हातात दिली, त्यांचा खांदा धरला आणि डावा पाय आधी टाकला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं जुळवत, थांबत. मागच्या बायका चुळबुळल्या, मग एकीनं दुसरा दंड धरला.

वर आल्यावर मंडपात बसायला जागा शोधली. यांनी विचारलं, "दुखतंय?" मी म्हटलं, "हो."

"डावीकडे?"

"नाही हो. गुडघे. दोन्ही. अगदी सारखे!"